लाल दिवा आणि हिरवी पिन

“बंद कुठला करायचा गं बाई? निळ्या टोपनाचा, का पांढऱ्या?”

कळसच्या दगडाबाईंचा मोतीबिंदू काढून आठ दिवस झाले होते. डोळ्यात घालायच्या दोन औषधांपैकी एक आजपासून बंद करायचं होतं, दुसरं अजून महिनाभर चालू ठेवायचं होतं. माधवीनं समोरच्या पडद्यावर त्यांचा कागद काढला आणि सावकाश, एकेक शब्द मोजल्यासारखी म्हणाली, “आजी, नीट ऐका हं. निळ्या टोपणाची बाटली...”

पुढचं वाक्य शेळगावातच राहिलं. कानातला आवाज गेला, पडद्यावर एक गोल गरगरायला लागला. खिडकीशेजारी भिंतीला ठोकलेल्या नेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा विझला आणि लाल दिवा मिचमिच करू लागला, जसे काही डोळे त्यालाच आले होते.

“आजी? आजी, ऐकू येतंय का?”

कुठलं ऐकू येतंय! खिडकीबाहेर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं कोवळं ऊन उसाच्या शेंड्यांवर सांडलं होतं. दाराच्या तोरणातला झेंडू अजून टवटवीत होता. सगळं जागच्या जागी होतं, फक्त एका म्हातारीचा अर्धा प्रश्न हवेत लोंबकळत राहिला होता, आणि त्याचं उत्तर माधवीच्या जिभेवर वाळत होतं.

माधवी ही शेळगावच्या आबाजींची सून. पुण्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचे फोन घ्यायचं काम ती घरूनच करायची, सकाळी दहा ते दुपारी दोन. कुणाला तपासणीची तारीख हवी असायची, कुणाला औषध कसं घालायचं ते विचारायचं असायचं. फोन करणारे निम्मे लोक इंदापूर, दौंड, करमाळ्याकडचे. पुण्यातल्या पोरींचं गुळगुळीत बोलणं त्यांना कळायचं नाही. माधवी मात्र “आजी, उशीला डोकं टेकवा, खालची पापणी वढा अन् मग थेंब सोडा” असं सांगायची, आणि पलीकडून सुस्कारा यायचा, “आत्ता कळलं गं माजे बाई.” त्या सुस्काऱ्यासाठी ती हे काम करायची.

घरात मात्र ह्याला काम म्हणत नसत. सासूबाई, साखरबाई, दारात आलेल्या कुणालाही सांगत, “हाय की आत, फोनवर बोलत बसलीया.” साखरबाईंना उभ्या जागी ओवी सुचायची, आणि ती बहुधा सुनेच्याच अंगावर यायची. आत्तासुद्धा ओट्यावर ज्वारी निवडता निवडता त्यांनी सूर लावला होता:

“तारंवरनं चाललं, बोलनं पुन्याचं,
सुनबाई माजी बघंना, तोंड कुनाचं.”

“आत्या, लाईन गेलीय माझी! थांबा जरा!” माधवी आतून ओरडली.

“गेली तर गेली. यील माघारी. जनावरं न्हाय का येत?”

लाईन वीस मिनिटांनी आली, तोवर दगडाबाईंचा फोन नियमाप्रमाणे पुण्यातल्या पोरींकडं वळला होता; तासाभरानं लाईन पुन्हा गेली. पडद्यावर ताकिदीची पिवळी चिठ्ठी झळकली, मग दुसरी. तिसरी आली की सीट, म्हणजे कामाची जागाच, बंद, असा कंपनीचा नियम होता. संध्याकाळी पुण्याहून वरिष्ठ श्रेया मॅडमचा फोन आला.

“माधवी, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही गं. पण गावाकडून काम म्हटलं की हे असंच असतं. बुधवारपर्यंत तुझे फोन मी इकडं वळवते. बुधवारी दहाला मी स्वतः तुझ्या लाईनवर बसून ऐकणार आहे. एकदा जरी तुटली ना, तर गावातल्या सीटचा विषयच संपला बघ.”

“मॅडम, दीड वर्षात एकदा तरी तुटली का?”

“आत्ता तुटली ना.”

दीड वर्ष एका बाजूला आणि दीड तास एका बाजूला, आणि पारडं जमिनीला टेकलं ते दीड तासाचं.

रागानं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण खरं सांगायचं तर हा राग दोन दिवस आधीच पेटला होता. खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा झाली. नवऱ्याच्या, समर्थच्या, ट्रॅक्टरला हार पडला. साखरबाईंच्या खुरप्याला, विळीला, अगदी विहिरीवरच्या मोटारीलाही झेंडू मिळाला. आबाजींनी पाटावर आपले पाने, कानशी, छिन्न्या मांडल्या. माधवी दोन वाजता काम संपवून बाहेर आली, तेव्हा उदबत्तीची राख पडत होती. ती हळूच आत जाऊन बघून आली. तिच्या कॉम्प्युटरवर कुंकवाचा ठिपका नव्हता, हेडफोनवर फुलाची पाकळी नव्हती. मोटारसुद्धा ह्या घरची होती, मग आपलं हत्यार तेवढं परकं का? पुरणाच्या पोळ्या लाटताना ती लाटणं जरा जोरानं आपटत राहिली.

त्याच संध्याकाळी, शुक्रवारी, तिनं नेटच्या कंपनीला फोन लावला. अकरा मिनिटं सनई ऐकवून झाल्यावर एक मुलगा आला.

“मॅम, आमच्या बाजूनं सिग्नल ओके आहे. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये फॉल्ट असेल.”

“अहो, डब्यावर लाल दिवा लागतोय. डबा तुमचा आहे.”

“मग बहुतेक उसाच्या ट्रॉलीनं वायर ताणली असेल, मॅम. तुमच्या एरियात होतं तसं.”

“कारखाने सुरू व्हायचेत अजून! तोड नाही, टोळी नाही, ट्रॉली आली कुठनं? तुमच्या ऑफिसातनं?”

“मॅम, तुम्ही कॉम्प्युटर चेक करून घ्या. अजून काही मदत करू शकतो का?”

अजून! जशी काही एक करून झाली होती.

शनिवारी तिनं कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीनं बारामती गाठली. दुकानदार विजयसिंह माहेरच्या ओळखीतला. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली, चार बटणं दाबली.

“ताई, ह्याला काय झालेलं नाही. नेटचं लफडं आहे तुमच्या.”

“ते म्हणतात तुमचं आहे.”

“ते म्हणणारच. पण आता आणलाच आहे तर ट्यूनिंग करून देतो. आत लय फालतू सर्व्हिस चालू असतात, उगं लोड घेतात. बंद करून टाकतो. बघा, विमानासारखा पळेल.”

विमान घेऊन ती घरी आली. डबा जोडला, हेडफोन कानाला लावला. आता आवाजच नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात भोंग्याच्या चित्रावर लाल फुली. म्हणजे नेट अधूनमधून जात होतं, आणि आवाज कायमचा गेला होता. एक दुखणं घेऊन गेली होती, दोन घेऊन आली. आणि दुकानदार फोनवर काय म्हणाला? “फॉर्मॅट मारावा लागेल, ताई. सोमवारी आणा.”

“सोड की मग,” समर्थ रात्री जेवताना म्हणाला. “एवढा ताप करून घ्यायचा कशाला? घरात काय कमी हाय का?”

माधवीनं त्याच्या ताटात भाकरी वाढली, जरा वरूनच. “तुमचा ट्रॅक्टर बंद पडला तर मी म्हणते का, सोडा की मग?”

समर्थनं भाकरी मोडली.

रविवारी सकाळी ती कॉम्प्युटरपुढं बसली, ती पदर खोचूनच. फॉर्मॅट मारायचा म्हणजे दवाखान्याचं सगळं पुन्हा पुण्याहून बसवून घ्यायचं, आणि पुण्याचे लोक बुधवारच्या आत बसवून देतात होय! तिनं विंडोजच्या पोटातली सेवांची यादी उघडली. शे-दीडशे नावं, एकाखाली एक, लग्नाच्या आहेरात वाचतात तशी. त्यात आवाजाची सेवा सापडली. तिनं ‘सुरू करा’ दाबलं. एक चौकट फडकन उघडली. तिनं ती मिटली, पुन्हा दाबलं, चौकट पुन्हा आली. तिनं माऊस टेबलावर आपटला.

“त्याला कशापायी मारती? त्यो तर हुकमाचा ताबेदार.”

दारात आबाजी उभे होते. वालचंदनगरच्या कंपनीत चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. कॉलनीतल्या क्वार्टरमधून शेळगावला परत येऊन सात वर्षं झाली, तरी अजून भोंग्याच्या वेळेला उठायचा. ते स्टूल ओढून सुनेच्या मागं बसले. एरवी ह्या खोलीत ते फारसे यायचे नाहीत.

“काय म्हनतंय ते?”

“म्हणतंय, आवाजाची सेवा सुरू होत नाही.”

“का?”

“का ते काय सांगत नाही आबा.”

“सांगत आसंल. तू दोनदा मिटलंस, मी हितनं बघितलं. पुरतं वाच की. मशीन बंद पडताना कायतरी बोलून पडती. आपन शिव्या देत आसतो म्हनून ऐकू येत न्हाय.”

माधवीनं ओठ चावला आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं. ह्या खेपेला चौकटीतलं इंग्रजी तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि मराठीत सांगितलं. “चूक क्रमांक एक हजार अडुसष्ट. ही सेवा ज्या दुसऱ्या सेवेच्या आधारावर चालते, ती चालू झाली नाही.”

“मंग! पट्टा फिरंना म्हनून पट्ट्यालाच बडवत बसली व्हय? मागची पुली कुठली हाय, ती बघ.”

सेवेच्या नावावर टिचकी मारून तिनं आतली पानं चाळली. शेवटच्या पानावर आधाराच्या सेवांची नावं होती. त्यातलं एक लांबलचक नाव घेऊन ती पुन्हा यादीत शिरली आणि बोट पडद्यावर टेकवून थांबली. त्या नावापुढं लिहिलं होतं, ‘निष्क्रिय’. कुणीतरी हातानं बंद केल्याशिवाय असं होत नाही.

“विजयसिंह!” ती म्हणाली. “फालतू म्हणून हीच बंद केली त्यानं. माझा आवाज फालतू!”

“नाव मागनं घे. आदी पुली फिरव.”

निष्क्रिय पुसून तिनं ‘आपोआप’ केलं, लागू केलं, सुरू केलं. मग परत वर येऊन आवाजाची सेवा सुरू केली. भोंग्यावरची लाल फुली विरघळली. हेडफोनमध्ये टिंग झालं, देवळाच्या दारात लहान मुलानं उंच होऊन घंटेला बोट लावावं तसं.

आबाजींनी मान डोलावली. आत जाऊन त्यांनी एक कापडी पाठीची वही आणली. कंपनीतली सवय. पानावर चार रकाने आखले होते: दिवस, बिघाड, कारण, इलाज.

“लिही. आवाज बंद. कारन, बारामतीच्या दुकानदारानं मागची सेवा बंद केली. इलाज, तू काय केलंस ते. उद्या कुनी म्हनलं आपोआप झालं, तर वही दाखवायची.”

तिनं लिहिलं. खाली दुसरी ओळ: नेट अधूनमधून जाते, लाल दिवा. कारण...

“ती जागा रिकामी ठिव,” आबाजी म्हणाले. “कारन घावस्तवर वही मिटायची न्हाय.”

जसं काही कुणी खूण केली, लाल दिवा तेवढ्यात पुन्हा मिचमिचला.

त्या दिव्याला हात लावायची माधवीची हिंमत नव्हती. नेट बसवायला आलेला माणूस बजावून गेला होता, “ह्या हिरव्या पिनीला हात लावू नका. आत लेझर असतो, डोळा जाईल.” डोळ्यांच्या दवाखान्यात काम करणारीनं हे ऐकलं नसतं तर नवल. दीड वर्षात तिनं त्या डब्यावरची धूळसुद्धा लांबून पिसानं झटकली होती.

सोमवारी मोबाईलवर संदेश आला: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. धन्यवाद.’

माधवीनं तो तीनदा वाचला. घरी कुणी आलेलं नव्हतं. खांबावर कुणी चढलं नव्हतं. लाल दिवा तिच्याकडं बघून डोळा मारत होता, आणि कंपनी तिला धन्यवाद देत होती. तिनं फोन लावला, सनई ऐकली, आणि ह्या खेपेला तिचा आवाज इतका चढला की ओट्यावरच्या साखरबाईंची ओवी मध्येच तुटली.

“कुणी सोडवली? त्याचं नाव सांगा. कुठल्या दारानं आला, कुठल्या दारानं गेला? मी घरातच बसलेय! माझी तक्रार मला न विचारता मिटवणारे तुम्ही कोण?”

“अगं बया,” साखरबाई आत डोकावून म्हणाल्या, “ही तर भांडती बी झकास!”

मंगळवारी बाराच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. परवेज आला होता, नेटच्या कंपनीचा लाईनमन. तिशीतला, घामानं भिजलेला, खांद्यावर वायरीचं वेटोळं. चौदा गावांच्या वायरी त्या एकट्याच्या अंगावर होत्या. उंबऱ्यातच त्यानं मोबाईल काढला.

“वहिनी, तुमच्या फोनवर एक ओटीपी आला असंल. तेवढा सांगा, म्हंजी कामाला लागतो.”

“कशाचा ओटीपी?”

“तक्रार बंद करायचा.”

“काम व्हायच्या आधी?”

“वहिनी, साडेबाराच्या आत बंद न्हाय झाली तर माझ्या नावावर लाल पडतं. काम करूनच जातो की मी, आईशपथ.”

“तुमच्या नावावर लाल पडतं?” माधवी कडाडली. “आणि इथं पाच दिवस लाल पडलंय ते कुणाच्या नावावर? उद्या दहाला माझी सीट जायचीय. ओटीपी मिळणार नाही. आधी हिरवा दिवा, मग आकडा.”

परवेजनं आबाजींकडं पाहिलं. “आबा, तुमी तरी सांगा की.”

“ती बराबर बोलतीया,” आबाजी म्हणाले. “टेस्टिंगच्या आदी सही करून मी एक बी जॉब सोडला न्हाय. चल, आत.”

परवेजनं कपाळाचा घाम पुसला आणि आत आला. बाहेर खांबावर, भिंतीवर वायर ठीक होती, ते तो बघूनच आला होता. त्यानं वायरीतला उजेड मोजायचं मुठीएवढं मापयंत्र काढलं, हिरवी पिन डब्यातून ओढली, यंत्रात खुपसली. आकडा आला उणे एकोणतीस.

“हितंच मरतंय,” तो पुटपुटला. “बाहेर एकोणीस, हितं एकोणतीस. मधी कायतरी हाय.” त्यानं खिशातून पांढरं फडकं काढलं, पिनीचं टोक त्यावर घासलं.

फडक्यावर एक बारीक लाल रेघ उमटली.

त्यानं फडकं नाकाजवळ नेलं. मग हळूच म्हणाला, “वहिनी, हे कुंकू हाय.”

मग माधवीचा आवाज फुटला. “आत्या!”

“मी?” साखरबाई दारातूनच उसळल्या. “मी त्या डब्याकडं बघत बी न्हाय! डोळं जात्यात म्हनं. माज्यावर कशाला घालती?”

“मग कुणी लावलं?”

“मी लावलं,” आबाजी म्हणाले.

ते स्टुलावर बसले. चौतीस वर्षांत कुठल्या साहेबासमोर खाली गेली नव्हती ती मान खाली गेली होती.

“खंडेनवमीला. तू पोळ्यांचं पीठ मळाया गेली तवा. कंपनीत आमचा रिवाज हुता, पूजा हत्याराच्या धारंची करायची. मुठीला कुंकू लावून काय उपेग? काम करती ती धार. कानशीच्या दात्याला, छिन्नीच्या तोंडाला. मंग तुज्या हत्याराची धार कुठली, म्हनून मी हुडकत बसलो. त्यो पडदा काय धार न्हवं. बटनं बी न्हवं. वायर धरत धरत गेलो, तर ही पिन. हिच्यातनंच तुजं बोलनं भाईर जातं. वढून बघितली, टिकली एवढं पांढरं तोंड. त्याला बोटानं कुंकू लावलं अन् हुती तशी बसवली. टिक् वाजली. म्हनलं बसली. दिवा बी हिरवा लागला.”

“बिघाड कळायला येळ लागतो आबा,” परवेज हलक्या आवाजात म्हणाला. “केसाहून बारीक काच असती आत. कणभर बसलं तरी उजेड अडतो. गरम झालं, हललं, की लाईन जाती.”

“मला काय ठाव? हत्यार हाय म्हनून लावलं.” आबाजींनी सुनेकडं पाहिलं नाही. “घरातल्या समद्या हत्यारांची झाली, तुज्यालाच कसं न्हाय लावायचं?”

माधवीच्या घशात पाच दिवसांच्या शिव्या गोळा झाल्या होत्या. दुकानदाराच्या, सनईच्या, मॅडमच्या, ह्या घराच्या. त्या तिथंच अडकल्या. ज्या ठिपक्यासाठी ती लाटणं आपटत राहिली होती, तो ठिपका सहा दिवस तिच्या हातभर अंतरावर होता, आत, तिला न दिसेल असा. तिला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही, कारण तेवढ्यात परवेज जरा सैलावून म्हणाला, “म्हंजी बघा, कंपनीची काय चूक न्हाय. मी तसं टिपतो, ग्राहकानं पिन खराब केली.”

“थांबा!”

ती वळली, आणि अडकलेलं सगळं वाट फुटल्यासारखं बाहेर आलं.

“आबांनी कुंकू लावलं, ते त्यांनी कुणी न विचारता तोंडानं सांगितलं. तुमच्या कंपनीनं काय सांगितलं? सिग्नल ओके! उणे एकोणतीसला ओके म्हणतात?”

“न्हाय म्हनत,” परवेज कबूल झाला.

“मग कुणी बघितलं होतं? ट्रॉलीनं वायर ताणली म्हणाले. कुठली ट्रॉली? काल निराकरण झालं म्हणाले. कुणी केलं? ही पिन काढून पुसायला तुम्हाला किती वेळ लागला?”

“दोन मिनटं.”

“दोन मिनिटांच्या कामाला पाच दिवस! त्या पाच दिवसांत मी मांडीवर डबा घेऊन बारामतीला गेले, तिथं धड असलेला आवाज घालवून आले, माझ्या दोन चिठ्ठ्या झाल्या, आणि तिकडं एका म्हातारीचं औषधाचं बोलणं अर्धंच तुटलं. तेही लिहा. पिन खराब होती, आणि शुक्रवारपासून कुणीही येऊन बघितली नाही. दोन्ही लिहा. एकच लिहायचं असेल तर ओटीपी मिळणार नाही.”

परवेजनं मोबाईलवर अंगठे चालवले. “लिवलं वहिनी. दोनी लिवलं. मलाच बोलनी बसतील, पर लिवलं.” त्यानं दुसऱ्या कोऱ्या फडक्याला औषध लावून पिन पुन्हा पुसली, मोजली, उणे एकोणीस. डब्यात बसवली. टिक् वाजली. हिरवा दिवा लागला आणि ह्या खेपेला टक लावून तसाच राहिला.

माधवीनं आकडा सांगितला. चहा ठेवला. परवेज बशीत चहा ओतता ओतता आबाजींना म्हणाला, “आबा, आमच्या आब्बांची वेल्डिंगची टपरी हुती. खंडेनवमीला ते बी हार घालायचे. पर हँडलला.”

“चुकायचे मंग,” आबाजी म्हणाले.

तो गेल्यावर आबाजींनी वही मागितली. रिकाम्या रकान्यात, गोल अक्षरात त्यांनी स्वतःच लिहिलं: कारण, आबाजी फिटर. माधवीनं वही ओढून घेतली आणि पुढं जोडलं: आणि पाच दिवस न बघणारे सगळे.

बुधवारी दहाला श्रेया मॅडम लाईनवर आल्या. पडद्यावर एक अर्ज आधीच भरून ठेवला होता. अडचणीचे कारण: ग्रामीण भागातील नेटवर्क.

“ह्याच्यावर फक्त ओके दाब, म्हणजे आपण सुरू करू.”

“नाही दाबणार, मॅडम. ते कारण खोटं आहे.”

“अगं, फॉर्मॅलिटी आहे.”

“माझ्याकडं खरं कारण लिहिलेलं आहे. दिवसवार आहे. पाठवलंय तुम्हाला. ह्या रकान्यात तेच जाईल. आणि पहिला फोन मी लावणार आहे, येणारा घेणार नाही. शुक्रवारी कळसच्या दगडाबाईंचं बोलणं अर्धं तुटलं होतं.”

“तो कॉल सिस्टिममध्ये ‘पूर्ण’ दिसतोय.”

“कुणी पूर्ण केला?”

माधवीनं नंबर लावला. सहा वेळा घंटी वाजली.

“आजी, दवाखान्यातनं माधवी बोलतेय. शुक्रवारी बोलणं राहिलं होतं आपलं.”

“आगं माजे बाई! कुठं गेली हुतीस? निळ्या टोपनाची म्हनलीस अन् गडपच झालीस. बंद म्हनाली का चालू, कळंना. मी मंग दोनी ठिवली बंद. उगं चुकीचं नगं जायाला डोळ्यात.”

माधवीनं बोटांवर दिवस मोजले. पाच दिवस. “आजी, डोळा कसा आहे? लाल झालाय? दुखतोय?”

“चुरचुरतोय वाइच. पानी येतंय.”

“घरात कोण आहे? गाडी आहे? आज, आत्ता, दवाखान्याच्या बारामतीच्या शाखेत जायचं. मी तिथं तुमचं नाव सांगून ठेवते, रांगेत बसू देणार नाहीत. दोन्ही बाटल्या बरोबर घ्या. आणि आजी, पुन्हा लाईन तुटली तरी घाबरू नका. मी पुन्हा लावीन. मीच लावीन.”

“तूच लाव बाई. दुसरीचं कळत न्हाय मला.”

नाव सांगून, वेळ पक्की करून तिनं फोन ठेवला. मग शांतपणे, शांत आवाजात किती राग मावतो ते तिला स्वतःलाच नवीन होतं, ती म्हणाली, “मॅडम, ऐकलंत ना? लाईन माझी तुटली, ते मान्य. पण ह्या म्हातारीला परत फोन लावायला पुण्यात पाच दिवस कुणाची लाईन तुटली होती?”

पलीकडं कागद सरकल्याचा आवाज आला. मग श्रेया मॅडम म्हणाल्या, “चिठ्ठ्यांचं मी बघते. तू फोन घे, माधवी. रांग वाढलीय.”

सीट राहिली की नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही. पण दोन वाजेपर्यंत एकतीस फोन आले, आणि हिरव्या दिव्यानं एकदाही पापणी मिटली नाही. तीन वाजता बारामतीहून निरोप आला, दगडाबाईंना तपासलं, सूज आहे, वेळेत आल्या. आणि पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांच्या यादीत तिचं नाव तिसऱ्या ओळीत होतं.

पण ते नंतरचं. साडेअकराच्या सुमाराला, ती कुणाला तरी पापणी कशी ओढायची ते सांगत असताना, ओट्यावर शेजारची सारजा आली होती. “वैनी हाय का घरात? जरा दळनाचा डबा द्यायचा हुता.”

माधवीनं सवयीनं कान टवकारले. आता येणार ते वाक्य, फोनवर बोलत बसलीया.

“ड्यूटीवर हाय ती,” आबाजींचा आवाज आला. “दोन वाजता ये.”

मग साखरबाईंच्या सुपातली ज्वारी सळसळली आणि सूर लागला:

“हिरवा दिवा लागला, डब्याच्या कपाळी,
सून माजी ड्यूटीला, च्या मिळंना सकाळी.”

“मॅडम?” पलीकडून माणूस विचारत होता. “गाणं कुठं चाललंय वो?”

“आमच्या ऑफिसात,” माधवी म्हणाली. “हं, आता खालची पापणी वढा.”